'ओके'ची साक्ष

१/ १८ डिसेंबर १९८७ रोजी लॅरी वॉल यांनी पर्ल या संगणकभाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यासोबत चाचण्यांचा संचही होता. त्या काळी युनिक्स एक नव्हते. यंत्रनिर्मात्यागणिक त्याची रूपे निराळी. एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेलच, याची हमी कोणी द्यावी?

२/ वॉल यांची रीत साधी होती. एकूण पायऱ्या किती, हे चाचणी आरंभीच छापे. मग प्रत्येक पायरीला 'ओके' किंवा 'नॉट ओके'. प्रोग्राम मध्येच कोसळला तर हिशेब जुळत नसे. मौनाला यश समजण्याचा धोका असा टळे.

३/ प्राथमिक चाचण्यांत छपाई आणि 'जर-तर' यांपलीकडे फारसे काही नसे. आधी पाया तपासायचा, मग मजले. जी चाचणी यंत्राकडे कमी मागते, तीच अधिक यंत्रांवर चालते.

४/ नवी दुरुस्ती जुने काम बिघडवते, तेव्हा फटका बसतो तो यंत्र बदलू न शकणाऱ्याला. त्याची तक्रार उमटण्याआधीच ती ऐकण्याची सोय या संचाने केली. पुढे हीच रीत 'टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल' या नावाने इतर भाषांतही रुजली.