चुलीनंतरची मांजरे

ज्या घरची चूल पेटत नाही तिथे चुलीतच मांजर निजते, असे दारिद्र्याचे वर्णन आमच्या आजीच्या तोंडी असे. चूल पेटणाऱ्या घरांतही ते रात्री तिथेच निजे, हा भाग निराळा. निखारे राखेखाली झाकले गेले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या वाड्यात ते वैलापाशी अंग मुडपून बसे. इथली थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना त्याचा हेवाच वाटेल.

पुढे गॅस आला आणि मांजरांची पंचाईत झाली. त्यांनी मग रेडिओ हेरला. तो थोरला, व्हॉल्व्हचा रेडिओ. आतल्या नळ्या तापल्याखेरीज आवाज उमटत नसे आणि वरची लाकडी पेटी छान ऊब धरी. बातम्यांच्या वेळी वडील खुर्चीत व मांजर रेडिओवर, अशी बैठक ठरलेली. ट्रान्झिस्टरने ती मोडली. नंतरचा फुगीर काचेचा दूरदर्शन संच मात्र मांजरांकरिताच घडवला असावा, इतका ऐसपैस. शेपटी पडद्यावर लोंबे आणि निम्मा निवेदक झाकला जाई. चपटे संच आले, तेही आसन गेले.

हा हट्ट निव्वळ चैनीचा नव्हे. मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातले. त्याच्या अंगाची उष्णता ३८ अंशांच्या वर. भोवताली निदान ३० अंश असतील तरच ती राखण्यास त्याला वेगळे कष्ट पडत नाहीत. पौषातल्या पहाटे आमच्या खोलीत त्याच्या निम्मीच ऊब असते.

आमची मनी पूर्वी पत्नीच्या मांडीवर निजे. मालिका संपेपर्यंत दोघी हलत नसत. पत्नी गेल्यावर मनी केबलच्या पेटीवर गेली. पेटी वीतभर, मनी हातभर. उरलेली मनी दोन्ही बाजूंनी ओघळते. संच आता क्वचितच लागतो, पण पेटी आतून जागी असते व कोमट राहते. मुलगा पुण्याहून बजावतो, ‘बाबा, बटण बंद करत जा, वीज जळते. शिवाय केस जाऊन पेटी बिघडेल.’ दहा वॅट धरले तरी महिन्याला ७ युनिटे होतात, हा हिशेब मी त्याला ऐकवला. केस मी दर रविवारी दाढीच्या जुन्या ब्रशाने काढतो.

परवा केबलवाला पैसे न्यायला आला. कोणत्या वाहिन्या ठेवायच्या, असे त्याने विचारले. म्हटले, सर्वांत स्वस्त असतील त्या ठेव; पेटी चालू राहिली म्हणजे झाले. त्याने मनीकडे पाहिले आणि मुकाट्याने पावती फाडून दिली.