पायपुसणं आणि पॉमेरियन

मे महिना. परतवाड्याच्या उन्हात अंगणातली फरशी अशी तापते की पॉमेरियनचं पिल्लू दारातूनच माघारी फिरतं आणि पायपुसण्यावर कार्यक्रम उरकतं. आई ओरडते, "काऊन रे बाप्पा, हेच सापडलं का तुले?" नाक त्यात घासा, हा शेजारचा सल्ला. मला पटत नाही. त्यानं पिल्लू फक्त लपून मुतायला शिकतं. तीन महिन्यांच्या जिवाला तीन-चार तासांपलीकडे धरवत नाही, छोट्या जातीला तर त्याहूनही कमी. म्हणून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच कडुनिंबाच्या सावलीत न्यायचं. काम झालं की जागच्या जागी पोळीचा तुकडा. वास राहिला की ते तिथंच परततं, म्हणून पायपुसणंच उचललं. आज साहेबांनी कडुनिंब गाठला, पोळी खाल्ली, आत आले आणि आईच्या चपला हुंगायला लागले.