नायगावचं मिठागर आणि मंगळावरचं पाणी

विरार लोकलने भाईंदर सोडून खाडीचा पूल ओलांडला की खिडकीशी बसणाऱ्याने पेंगायचं नाही. नायगाव ते वसईच्या दरम्यान मिठागरं दिसतात. चौकोनी वाफे, मधून मातीचे बांध आणि उन्हाळ्यात काठावर पांढऱ्याशुभ्र राशी. पावसाळ्यात मात्र सगळं नुसतं तळं!

भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं आणि उन्हात आटवत न्यायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम असतं. वाफ्यात मीठ खाली बसू लागेपर्यंत पाणी जवळजवळ दहापट खारट झालेलं असतं. असल्या पाण्यात कोण जगणार? मीठ जिवाच्या अंगातलं पाणीच ओढून घेतं. म्हणून तर खारवलेली मासळी टिकते आणि आजीचं लोणचं वर्षभर पुरतं (पुरू दिलं तर!).

पण अशा पाण्यातही वस्ती असते. 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव आपल्या पेशीतच भरपूर क्षार साठवून ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या मिठाचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. उलट गोड्या पाण्यात टाकलं तर बिचारे फुटून मरतात! त्यांच्या अंगात लालसर रंग असतो. २०२०च्या जूनमध्ये बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्यात हेच सापडले.

आता मंगळाकडे वळू. तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आणि थंडी तर भयानक. साधं पाणी तिथे गोठून तरी जातं, नाहीतर उडून तरी जातं. मिठाचं दाट पाणी मात्र उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. २००८ साली 'फिनिक्स' यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. ते पाण्याला याहूनही थंडीत पातळ ठेवतात. गंमत बघा, पाणी टिकतं ते क्षारांमुळे, पण तेच क्षार फार झाले की ते पाणी कुणाच्याच कामाचं राहत नाही. नुसतं 'पाणी आहे का?' विचारून भागत नाही, 'कसलं पाणी?' हेही विचारावं लागतं.

या बाबतीत शनीचा चंद्र एन्सेलाडस बरा. त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे. तिथून उडणाऱ्या फवाऱ्यांतून 'कॅसिनी' यान गेलं, तेव्हा बर्फाच्या कणांत त्याला मीठ सापडलं, पण बेताचं.

जाड्या मिठाचा खडा भिंगाखाली धरून पाहा. कधीकधी आत पाण्याचे इवलेसे थेंब अडकलेले दिसतात. मिठाच्या खड्यांतल्या अशा थेंबांत हॅलोआर्किया जिवंत सापडले आहेत. मंगळावरही मिठाचे जुने थर आहेत. तिथला एकही खडा अजून कोणी उचलून पृथ्वीवर आणलेला नाही.