ओव्हनशिवाय रताळं

नोव्हेंबर आला की आमच्या टीममधले अमेरिकेतले सहकारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे फोटो टाकू लागतात. त्यात ‘कँडीड यॅम्स’ हमखास असतात. लोणी, ब्राउन शुगर आणि दालचिनी घालून ओव्हनमध्ये निवांत भाजलेल्या केशरी फोडी. नाव यॅम असलं तरी तो यॅम नव्हे. खरा यॅम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. हे आपलं रताळंच. १९३०च्या दशकात लुइझियानातल्या शेतकऱ्यांनी आपली मऊ, केशरी रताळी बाजारात वेगळी ओळखू यावीत म्हणून हे नाव चालवलं.

नाकाडोंगरीत आमच्या घरी ओव्हन नाही. पण बहुधा त्याच महिन्यात कार्तिकी एकादशी येते आणि जवळपास हाच पदार्थ आजीच्या चुलीवर शिजतो. रताळ्याच्या अर्धा इंच जाडीच्या चकत्या, जाड बुडाची कढई, चमचाभर तूप, अर्धी वाटी थंड पाणी आणि वर झाकण. लाकडं मागे ओढायची आणि नुसत्या विस्तवावर फोडी मऊ होऊ द्यायच्या. गूळ शेवटी. “पानी आटू दे आधी, मंग गूळ,” आजी सांगते. कारण सरळ आहे. गूळ पाणी धरून ठेवतो, त्यामुळे रताळ्यातला स्टार्च उशिरा फुगतो आणि फोडी कडक राहतात.

विस्तवाचंही कारण आहे. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर असतं. साधारण ६५ अंशांच्या पुढे स्टार्च मऊ पडू लागतो आणि हे विकर त्याची माल्टोज साखर करतं. उष्णता आणखी वाढली की विकरच निकामी होतं. मधल्या टप्प्यात रताळं जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड. ओव्हन ते करतो, चुलीतली गरम राख करते, मंद विस्तवही करतो. मायक्रोवेव्ह तो टप्पा झपाट्यानं ओलांडतो, म्हणून त्यातलं रताळं मिळमिळीत लागतं.

म्हणजे आच मंद ठेवली तर गूळ निम्म्यावर आणता येतो. आमच्या घरात या हिशेबाला महत्त्व आहे, कारण आजीला मधुमेह आहे आणि ती एकादशी सोडायला तयार नाही. गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी थोड्या थोड्या वेळानं खायला सांगितलंय. पण हिशेब इथेच अडतो. गूळ कमी केला तरी माल्टोजही साखरच, तिचं रक्तात ग्लुकोज व्हायला वेळ लागत नाही. भाजलेल्या रताळ्यापेक्षा पाण्यात उकडलेल्यानं रक्तातली साखर सावकाश वाढते.

म्हणून आता एकादशीला दोन भांडी चढतात. आमच्यासाठी कढई. आजीसाठी उकडलेल्या चार फोडी, सोबत दही आणि दाण्याचा कूट. त्या ती दोन वेळांत वाटून खाते. त्या दिवशी साबुदाणा बंद. घरचं ग्लुकोमीटर मी उशाशी ठेवतो, आकडा वहीत लिहितो.

कढई मात्र अजून तीच सांभाळते. फोडी शिजल्या का ते वासावरून कळतं, पाक झाला का ते चकाकीवरून. गूळ पुरेसा झाला का, एवढंच तिला कळत नाही. ते ती मला विचारते, आणि मी चाखून सांगतो.