बनेश फेणे कपाटात अडकलाय!

३१ मे हा भा. रा. भागवतांचा जन्मदिवस. जन्म १९१०चा. पण आपल्या विदर्भात त्या दिवशी शाळा कुठं असते? ऊन पंचेचाळीसला टेकलेलं, घरोघरी कूलर घरघरतोय. शाळा उघडते ती जूनच्या शेवटी.

म्हणून भाचीच्या शाळेनं हा दिवस जुलैत साजरा केला. चौकड्यांचे शर्ट घातलेले दहा-बारा फास्टर फेणे, स्लो सायकल शर्यत, चिठ्ठ्यांवरून चोर शोधायचा खेळ, 'टॉक्' करायची स्पर्धा, मुखपृष्ठ रंगवणं. पोरं जाम खूश! खरं सांगते, मीही.

येताना गाडीवर विचारलं, "मग फेणेचं कोणतं पुस्तक वाचलं गं?"

"वाचायचं नव्हतं मावशी. फक्त रंगवायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मॅडमना भेटले. पुस्तकं आहेत, पण कपाटाला कुलूप. "मुलं फाडतात हो."

फाडतात ना! १९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे पाहून आम्ही गल्लीतली पोरं पुस्तकांवर तुटून पडलो होतो. माझं पुस्तक पाच घरं फिरून आलं तेव्हा शेवटची पानंच गायब. शेवट काय झाला असेल, यावरून आम्ही आठवडाभर भांडलो. त्या भांडणानंच मला वाचायची गोडी लावली.

भागवतांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. कशासाठी? पोरांनी वाचावं म्हणूनच ना?

मागच्या रविवारी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नऊ पोरं जमवली. फेणेची एक गोष्ट मोठ्यानं वाचली, ऐन संकटात पुस्तक मिटलं. म्हटलं, पुढं काय होईल त्याचं चित्र काढा. नऊ चित्रं, नऊ शेवट! मग एकच गलका, "खरा शेवट सांगा ना!" मी सांगितला नाही. पुस्तक भाचीच्या हातात दिलं. रात्री साडेदहाला तिचा फोन, "मावशी, संपलं. दुसरं आहे का?"

खेळ हवेतच, चित्रंही हवीत. पण त्यांची वाट पुस्तकाकडे जायला हवी.

पालकहो, यंदाच्या पालक सभेत एकच प्रश्न विचारा: कपाटाची चावी कोणाकडे आहे? फाटलेली पुस्तकं चिकटवायला मी येते. डिंक माझा.