बिऱ्हाड हलवताना राहिलेली फाइल

जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्याची हार्ड डिस्क मी काढून कपाटात ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून भाचा आला आणि तिची आठवण झाली. तिच्यात माझा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. "चालतोय का बघूया की, मामा," म्हणत त्याने ती लॅपटॉपला जोडलीसुद्धा. गेमची सीडी कधीच हरवलेली, आणि असती तरी या लॅपटॉपला ती घालायची सोय नाही. म्हणून गेमचा अख्खा फोल्डर उचलून इकडे आणला. असे काही गेम चालतातही. हा चालला नाही.

डी३डीएक्स९_४३.डीएलएल ही फाइल नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू होत नाही, तो पुन्हा इन्स्टॉल करून बघा, असा संदेश आला. सल्ला अगदी योग्य होता, पण ते कळायला मला दोन दिवस लागले. मी फक्त फाइलचं नाव वाचलं. एकच तर फाइल हवी, आणू की!

नुसत्या डीएलएल फाइली वाटणारी एक साइट सापडली. डाउनलोडची तीन हिरवी बटणं, त्यातली दोन जाहिरातींची. मिळालेली फाइल विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात टाकली. पुन्हा तोच संदेश. मग ती गेमच्याच फोल्डरात ठेवली, तर संदेश गेला आणि त्याच्या जागी ०एक्ससी०००००७बी असा आकडा आला. "एरर बदलली म्हणजे पुढं सरकलो की," भाचा म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

पुढे सरकलो नव्हतो, चुकीच्या गल्लीत शिरलो होतो. गेम ३२ बिटचा होता आणि मी आणलेली फाइल ६४ बिटची. ती त्याला जोडताच येत नाही, आणि तो आकडा नेमकं तेच सांगत असतो. त्यात फोल्डरांच्या नावांनी आणखी घोळ. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात, आणि ३२ बिटच्या असतात त्या सिसवाऊ६४ मध्ये! जुन्या प्रोग्रॅमांची मोडतोड होऊ नये म्हणून जुनं नाव तसंच ठेवलं, असं त्याचं कारण. कारण पटतं, पण रात्री साडेअकराला पटत नाही.

लॅपटॉपवर डायरेक्टएक्स १२ होतं. मग ९ ची फाइल का नसावी? कारण ती विंडोजबरोबर येतच नाही. २००५ ते २०१० या काळात मायक्रोसॉफ्ट या मदतनीस फाइलच्या एकामागून एक आवृत्त्या काढत गेली. त्यांचे आकडे २४ पासून ४३ पर्यंत. गेम ज्या आकड्यावर बांधला असेल, नेमका तोच मागतो. पुढचा दिला तरी चालत नाही. ती फाइल बसवायचं काम गेमच्या इन्स्टॉलरचं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने ते केलंही होतं, पण विंडोजच्या फोल्डरात. मी बिऱ्हाड हलवलं ते फक्त समोरच्या खोलीतलं. माळ्यावरचं सामान तिकडेच राहिलं.

त्या सगळ्या आवृत्त्यांचा जून २०१० चा एकच गठ्ठा मायक्रोसॉफ्टकडे मिळतो. तो उतरवून चालवला. फाइली कुठे काढू, असं त्याने विचारलं आणि मी बेधडक डेस्कटॉप म्हणून सांगितलं. क्षणात दीडशेच्या वर कॅब फाइली पडद्यावर पसरल्या आणि आमचा गणपतीपुळ्याचा फोटो पार झाकला गेला. मला वाटलं, झालं काम. गेम उघडला, तर पुन्हा तोच सात-बी.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. गठ्ठ्याने फाइली फक्त बाहेर काढल्या होत्या, बसवल्या नव्हत्या. त्यासाठी त्यांच्यातलं डीएक्ससेटअप शोधून चालवावं लागतं. ते मला सापडलं नाही, भाच्याला सापडलं. आणि मी आणलेली परकी फाइल अजून गेमच्या फोल्डरात ठाण मांडून होती. विंडोज आधी तिथेच बघतं, म्हणजे खरी फाइल बसली असती तरी गेमने तीच उचलली असती. ती काढली, सिस्टिम३२ मधलीही काढली, व्हायरससाठी सगळा लॅपटॉप तपासला. मग आयकॉनवर क्लिक केलं आणि इंजिनाचा आवाज एवढ्या मोठ्याने आला की स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

भाचा गावी गेल्यावर आठवड्याने त्याचा फोन. त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर दुसरा एक गेम एक्सइनपुट१_३.डीएलएल मागत होता.

"ती गेमपॅडची फाइल," मी म्हणालो. "त्याच गठ्ठ्यात आहे."

"मग उतरवतो की."

"थांब. आधी एक रिकामा फोल्डर कर."