कॅम का झिजला?

माझी स्प्लेंडर 2003 सालची. टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ असंच लिहिलेलं आहे. ते नाव 2011 मध्येच बदललं, पण आमच्या गल्लीत या गाडीला कुणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही. घरून शाळा, शाळेतून विजापूर वेस, बाजार करून परत घर, असा आमचा दोघांचा रोजचा फेरा. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मीही तिच्याकडे कधी नीट पाहिलं नाही. तेल बदलायचं ठरायचं, पगार व्हायचा आणि ते पुढच्या महिन्यावर जायचं.

मागच्या दिवाळीच्या सुमारास इंजिनच्या वरच्या भागातून टकटक असा आवाज येऊ लागला. जवळच्या एका गॅरेजमध्ये हेड खोललं. मेकॅनिक म्हणाला, कॅम गेलाय. नवा कॅम, नवे रॉकर बसवले, आवाज बंद झाला. पाच महिन्यांनी, ऐन एप्रिलच्या उन्हात, तोच आवाज परत आला.

या वेळी एका सहकाऱ्याने नई जिंदगीतल्या एका गॅरेजचं नाव सुचवलं. गाडी ढकलत तिथं पोचलो, तर आतून एक तरुण हात पुसत बाहेर आला. “अस्सलामु अलैकुम सर. पहचाने क्या?”

चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवेना. माझाच विद्यार्थी होता. नववीत नापास झाला आणि शाळेत परत आलाच नाही.

त्याने गाडी चालू केली, कान लावला, बंद केली. मी आधीच्या दुरुस्तीची हकिकत सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला, “कॅम बदले, तब ऑइल पंप देखे क्या?”

“पंपाचं काही बोलला नाही तो.”

“मग सर, कॅम का झिजला, हे कुणी बघितलंच नाही.” हे वाक्य तो मराठीत बोलला. स्वच्छ मराठीत. ज्या विषयात मी त्याला नापास केलं होतं, त्या विषयात.

पुढचे दोन तास मी स्टुलावर बसून जे पाहिलं, ते इथं थोडं सविस्तर सांगतो. गाडी सगळेच चालवतात, पण तिच्या पोटात काय चाललंय हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

कॅम म्हणजे अंड्यासारखे उंचवटे असलेला एक छोटा दांडा. तो हेडमध्ये बसतो. तो फिरला की उंचवटा रॉकरला उचलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो आणि इंजिन श्वास घेतं, सोडतं. खालचा क्रँक दोन फेरे घेतो, तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्रापेक्षा दुप्पट दाते. दोघांना जोडते ती टायमिंग चेन. कॅमचा उंचवटा आणि रॉकर यांच्यामध्ये असतो फक्त तेलाचा एक पातळ पापुद्रा. तो असेपर्यंत लोखंड लोखंडाला लागत नाही. तो गेला, की दोघं एकमेकांना खायला लागतात.

आणि हे तेल वर चढवतो पंप. तो खाली, उजव्या बाजूला, क्लचच्या झाकणाआड असतो. जी चेन वर कॅमला फिरवते, तिच्याच खालच्या चक्राचा दांडा या पंपाला फिरवतो. त्याने पंप काढून माझ्या तळहातावर ठेवला. आत एक छोटी चांदणी, तिच्याभोवती एक कडं. चांदणीला चार टोकं, कड्याला पाच खाचा. एक खाच नेहमी रिकामी राहते, ती तेल ओढते आणि पुढे ढकलते. त्या दोघांमधल्या फटीत त्याने फीलर गेजची पाती घातली. जिथं पातळ पातीसुद्धा जेमतेम जायला हवी, तिथं जाड पाती सैल जात होती. मग त्याने तेलाची जाळी बाहेर काढली. तिच्यावर काळा चिकट साका बसला होता. तो पाहून मी मान खाली घातली. तो साका माझ्या आळसाचा होता, पगारापर्यंत ढकललेल्या प्रत्येक महिन्याचा.

“हेडमध्ये तेल सगळ्यात शेवटी पोचतं,” तो म्हणाला. “पंप कमजोर झाला की आधी वरचा उपाशी राहतो. नवा कॅम टाकला, तोही उपाशीच राहिला.”

नवा पंप आणला. बसवण्याआधी त्याने त्याच्यात तेल भरलं आणि बोटाने चांदणी फिरवून पाहिली. “कोरडा बसवला तर पहिल्यांदा हवाच ओढत बसतो.” नवी रबराची रिंग लावली, दांड्याचं टोक खाचेत बसल्याची खात्री केली, मग स्क्रू आवळले. नव्या कॅमला आणि रॉकरला बोटाने तेल चोपडलं. जाळी पेट्रोलने धुऊन परत सरकवली.

आता टायमिंग. त्याने मॅग्नेट हळूहळू फिरवून त्यावरची ‘टी’ची खूण इंजिनवरच्या खुणेसमोर आणली. मग कॅमच्या चक्रावरचा बारीक गोल हेडवरच्या खाचेसमोर आणायचा होता. इथं तो थांबला, खिशातून जाड भिंगांचा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

“तुला चष्मा कधी लागला?”

“कळलं अठराव्या वर्षी, सर. लायसन काढायला गेलो तेव्हा. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून असणार.” खुणेवरची नजर न हटवता तो बोलत होता. “एक दात जरी इकडचा तिकडं झाला ना, तर गाडी चालू होते, पण ओढत नाही. गरम होते. लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.”

मला त्याचं नाव आठवलं. आणि सगळंच आठवलं. शेवटून दुसरा बाक. फळ्यावरचं मराठी उतरवताना काना, मात्रा, वेलांट्या गाळणारा मुलगा. मी त्याची वही वर्गाला दाखवली होती. त्याच्या अब्बांना बोलावून सांगितलं होतं, “इसका दिल पढ़ने में नहीं लगता, कोई काम सिखाओ.” मला वाटलं होतं, मी व्यवहाराचा सल्ला देतोय.

त्याच वर्षी मी वर्गात अल-जझरीवर बोललो होतो. दियारबकरच्या दरबारात काम करणारा हा कारागीर. 1206 मध्ये त्याने यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. पाणी चढवणारे पंप, दांड्यावरच्या खुंट्यांनी हलणाऱ्या बाहुल्या, हे सगळं त्यात चित्रांसह आहे. ‘कॅमशाफ्ट आपण शोधला’ असा मेसेज आजही आपल्या ग्रुपांवर फिरतो. खरं तर पाण्यावर चालणारे घण उचलायला चीनमध्ये त्याच्या कितीतरी आधी कॅमच वापरत. अल-जझरीचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे: नुसतं कागदावरचं, करून न पाहिलेलं ज्ञान त्याला मान्य नव्हतं. मी त्या दिवशी फळ्यावर त्याच्या पंपाची आकृती काढली होती, मोठ्या अभिमानाने. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाला ती दिसलीच नव्हती. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालेल्या मला त्याला एकदा पुढच्या बाकावर बसवून पाहण्याचंही सुचलं नव्हतं. मीही कॅमच बदलत होतो.

“तू तेव्हा सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“सर, मुझे लगता था सबको ऐसाच दिखता.”

यावर काय बोलणार? मी माफी मागितली. तो संकोचला, म्हणाला, “जाने दो सर,” आणि पाना उचलला. “जाऊ द्या” म्हणजे गेलं असं नाही, हे मला कळतं. त्याचं गॅरेज चांगलं चाललंय, हाताखाली दोन पोरं आहेत. पण त्यामुळे माझी चूक बरोबर ठरत नाही.

शेवटी प्लग काढून त्याने बऱ्याच किका मारल्या. टॅपेटचं झाकण उघडून मला बोलावलं. “बघा.” आत रॉकरवर तेल चकाकत होतं. वर पोचलं होतं. मग प्लग लावला, गाडी चालू केली. आवाज नव्हता. मजुरी द्यायला गेलो तर घेईना. मी जबरदस्तीने त्याच्या खिशात घातली. त्याने टाकीवर खडूने पुढच्या तेलाचा किलोमीटरचा आकडा लिहिला.

सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्यावर नेहमीच्या अक्षरात एक ओळ लिहिली आणि एकेकाला मागच्या भिंतीशी उभं करून, एक डोळा झाकून वाचायला लावलं. एक्केचाळीस मुलांत तिघांना ती वाचता आली नाही. त्यातली एक मुलगी मला आळशी वाटायची. तिची आई विड्या वळते. ती शाळेत आली तेव्हा म्हणाली, “हम भी उसको कामचोरच समझे सर.” तिघांनाही सिव्हिलला डोळे तपासायला पाठवलं आहे.

शुक्रवारी मुलगी चष्मा लावून आली. तिने बाक बदलला नाही. मागेच बसली आणि फळ्यावरची पूर्ण ओळ, एकही मात्रा न गाळता, उतरवून घेतली.